घरच्या गाडीवरून उतरवलेले टायर

धार जिल्ह्यात ठाणेदार असताना तपास केलेलं ते प्रकरण अजून आठवतं, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

सरदारपूर रस्त्यावर शिक्षिकांना शाळेत नेणारी भाड्याची जीप उलटली. पुढचा डावा टायर फुटला होता. एक शिक्षिका जागीच गेल्या. त्यांची मुलगी तेव्हा पहिलीत होती. जीपच्या मालकाने ठाण्यात जबाब दिला, “ड्रायव्हरला डुलकी लागली.” ड्रायव्हर पाय मोडून इस्पितळात, दारात आमचा शिपाई. गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. रडत नव्हती, चिडली होती. “साब, गाड़ी बाएँ खींचती थी. ये रोज सेठ को बोलते थे. सेठ बोला, हाथ कस के पकड़.”

मी आवारात जाऊन जप्त केलेल्या जीपचे टायर पाहिले. बाहेरून नक्षी शाबूत, आतल्या कडेला रबर घासून तारा उघड्या पडलेल्या. चाकांची अलाइनमेंट बिघडली की टायर असा एकाच बाजूने झिजतो. उभ्या गाडीकडे नुसतं बघून ते कळत नाही.

मालकाला चौकशीला बोलावलं. आमच्यासारखंच जुनं मराठी घर, बोलणं अदबीचं. मी सहज विचारलं, “तुमच्या घरच्या गाडीची देखभाल कशी ठेवता?”

तो खुलला. “देवासला नेतो, साहेब. अलाइनमेंट वेळेवर, हवा दर आठवड्याला. मध्यंतरी एकदाच अलाइनमेंट राहून गेली, टायरच्या आतून तारा दिसायला लागल्या, लगेच चारही बदलले. पोरंबाळं बसतात ना त्यात.”

“उतरवलेले टायर कुठे आहेत?”

दोन्ही गाड्यांच्या टायरचं माप एकच होतं.

“फेकायचे कशाला, साहेब? जीपला चालले असते.”

मी उठून बाहेर गेलो. तिथेच थांबलो असतो तर हात उगारला असता.

देवासच्या दुकानदाराने पंचांसमोर टायर ओळखले. “भंगारात टाका, असं मी यांना बजावलं होतं,” तो म्हणाला. ड्रायव्हरचं नाव आरोपातून वगळलं, मालकावर सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. त्याला शिक्षा झाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाही तो मलाच विचारत होता, “मी केलं तरी काय?”

रागाच्या भरात खून केलेली माणसं मी पाहिली. त्यातले बरेच पुढे रडले. हा रडला नाही. निष्काळजीपणा म्हणजे लक्ष नसणं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या माणसाचं पूर्ण लक्ष होतं. कोणाचा जीव जपायचा आणि कोणाचा नाही, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.