फ्रीजरला आलेला ताप

मंगरूळपीरला आमचं श्रीखंडाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली, आणि तिच्यात अर्धी जागा अडवून बसलेला पेटीसारखा जुना फ्रीजर. बाबा गेल्यावर आईने त्याच्याच जोरावर मला मोठं केलं. त्याला कोणी डबडं म्हटलं की तिला झोंबायचं.

एका उन्हाळ्यात तिने लग्नाच्या श्रीखंडाची ऑर्डर घेतली आणि त्याच आठवड्यात फ्रीजर गार करेनासा झाला. मिस्त्री आला, पाठीमागे डोकं घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, गॅस गेला. याच्यातला गॅस आता भेटत नाही, सरकारनं वरूनच बंद केला. आभाळाचं नुकसान होते म्हणे त्यानं."

"आभाळाले जपा बापा," आई म्हणाली. "मंग माह्या चक्क्याले कोण जपीन?"

त्याने मिळाला तो दुसरा गॅस भरून दिला. फ्रीजर आतून कसाबसा गार होई, पण बाहेरून हात ठेववत नसे.

"ताप आला याले," आई म्हणाली. उन्हाळ्यात माठाला ओलं पोतं गुंडाळतात, तशी तिने फ्रीजरलाही चारी बाजूंनी ओली पोती लावली. आत चक्का ठेवला आणि आम्ही दोघी वेलची-केशर आणायला कारंज्याला गेलो. परत आलो तेव्हा पोती वाळून कडक झाली होती आणि फ्रीजर गप्प होता.

"मागची जाळीच झाकली तुमी! काहून?" बोलावल्यावर आलेला मिस्त्री ओरडला. "गरम हवा जाईन कुठून? जळलं ना मशीन!"

आईने बोटावर चक्का घेऊन चाखला, थुंकला, आणि सगळा स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकला. नवरीच्या वडिलांना सांगायला मी गेले. ते भले, शिव्या दिल्या नाहीत. पण गावात बोभाटा व्हायचा तो झालाच, आणि पुढच्या लग्नसराईत आमच्या दारात कोणी फिरकलं नाही. मी आभाळाकडे बघून चिडायचे. वेडेपणाच, पण दुसऱ्या कोणावर चिडणार?

नवा फ्रीजर झेपणारा नव्हता. आई आता लग्नांत पुऱ्या लाटायला जाते.

परवा एका लग्नात मी पंगतीला बसले होते. वाढपी श्रीखंड घेऊन आला, मी ताटावर हात आडवा धरला. तो म्हणाला, "घ्या ना ताई, गारेगार हाय." मांडवामागे आई पुऱ्या लाटत होती.