दुसरं वाक्य मला मान्य होतं

माझे वडील, आबा, घरात चटईवर होते. पहाटेच वारले होते. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच दारात उभे होते, नाकाला रुमाल लावून. आत आले नाहीत. त्यांनी एक कागद माझ्यापुढं धरला.

"यावर सही कर. मग दफनभूमीत जागा मिळेल."

कागदावर दोन वाक्यं होती. माझे वडील खोट्या शिकवणीत मेले. येशू ख्रिस्त देव आहे असा माझा विश्वास आहे.

आमचं गाव सोनपेठजवळ. आम्ही मांगवाड्यातले. आई गेली त्या साली ऊसतोडीच्या फडावर आबा ख्रिस्ती झाले. कोयता सुटल्यावर त्यांना तालुक्याच्या चर्चमध्ये काम मिळालं. झाडलोट करायची, घंटा वाजवायची, कबरी खणायच्या. वीस वर्षं त्या दफनभूमीतली प्रत्येक कबर आबांनी खणली. पंच तिथले जुने ख्रिस्ती, निवृत्त हेडमास्तर. बाकं त्यांच्या घराण्यानं दिलेली, म्हणून पुढची बाकं त्यांची. आम्ही मागं, चपलांजवळ.

आबांना वाचता येत नव्हतं. शास्त्र मी वाचून दाखवायची. येशू देवाला अब्बा म्हणतो, हे ऐकून ते लय खूश झाले होते.

"तू मला हाक मारतीस तशीच की," म्हणाले. "मग जो बापाला हाक मारतो, त्योच बाप कसा आसंल? त्यो देवाचा लेक हाय. देव न्हाई."

मला ते पटायचं नाही. मी म्हणायची, "आबा, देव सोता आला न्हाई, लेकाला मरायला धाडलं, तर त्यो मुकादमच झाला की. सोता बांधावर, दुसरे फडात. माजा देव सोता खाली उतरला."

"तुजं तुज्यापाशी. भाकर वाढ."

भांडण तिथं संपायचं.

मागच्या वर्षी एका रविवारी, प्रवचन झाल्यावर, आबा उठून उभे राहिले. पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, वधस्तंभावर त्यानं देवाला हाक मारली. सोताच देव आसंल, तर हाक कुणाला मारली?"

पाळक काहीतरी सांगणार होते. त्याआधी पंच बोलले. "खड्डे खणणाऱ्यानं खड्डे खणावेत."

पुढची बाकं हसली. आबा उभेच. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मी त्यांचा सदरा ओढला. "बसा की, आबा. इज्जत घालवायलात."

हे मी बोलले. बापाला.

त्या दिवसापासून आबांना प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस मिळणं बंद झालं. कबरी खणणं बंद झालं नाही.

आता तेच पंच दारात होते. मी म्हणाले, "साहेब, दुसरं वाक्य मला मान्य आहे. त्याच्यावर शंभर सह्या घ्या. पहिलं खोडा."

"दोन्ही मिळूनच आहे ते. तुमच्या लोकांना सगळं अर्धवटच समजतं."

तुमच्या लोकांना. माझा बाप्तिस्मा त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यांनी म्हटलेली गाणी मी म्हटली. तरी तुमचे लोक. पाळकसाहेब त्यांच्या मागं उभे होते, मोबाईलमध्ये बघत.

मला पंचांचा भाऊ आठवला. पुण्याला असायचा. देवबिव थोतांड आहे, असं चर्चच्या अंगणात उभं राहून म्हणायचा. मेल्यावर त्याला संगमरवरी क्रूस मिळाला. खड्डा आबांनी खणला, भर मे महिन्यात. तेव्हा कुणी कागद काढला नव्हता.

तिथंच सगळं लख्ख झालं. येशू देव की देवाचा लेक, याच्याशी यांना घेणंदेणं नव्हतं. प्रश्न कुणी विचारला, याच्याशी होतं. आणि जो माझा खरा विश्वास, तोच यांनी माझ्या बापाच्या मढ्यावर काठीसारखा उगारला होता.

मी कागद परत दिला. "न्हाई करत सही."

"मग प्रेताचं काय करणार?"

"ते तुमी इचारू नका."

शेजारचे सोपानमामा ओट्यावर बसून ऐकत होते. ते काही ख्रिस्ती नाहीत. उठले आणि वाड्यातल्या माणसांना म्हणाले, "आपल्या मसणवट्यात जागा हाय. चला रे, टिकाव घ्या."

आबा काय मानायचे, हे कुणी विचारलं नाही.

बाईनं मातीला जाऊ नये म्हणतात आमच्यात. मी गेले. पाळक नव्हते, म्हणून शास्त्र मीच वाचलं, प्रार्थना मीच केली. येशूला देव म्हणूनच हाक मारली. आबांना आवडलं नसतं. पण खोटं बोलून त्यांना माती द्यायची नव्हती. सदरा ओढल्याची माफी मागितली. माफ करायला ते नव्हते. ते ओझं माझंच आहे.

पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसले. पंचांची सून म्हणाली, "ही आमची जागा आहे."

"आसंल," मी म्हणाले आणि बसून राहिले.

उपासना संपल्यावर अर्ज दिला. माझ्या वडलांना जागा का नाकारली ते लेखी द्या. दफनभूमीत आमचा हक्क आहे की तुमची मेहरबानी, तेही लेखी द्या.

उत्तर आलं नाही. म्हणून दर रविवारी मी सगळ्यांसमोर उभी राहते आणि विचारते. पंच म्हणतात, मंडळीच्या यादीतून नाव काढून टाकू. काढा म्हणते. कारण लिहा, खाली तुमची सही करा.

येशू देव आहे असं मी मानते. ते मी माझ्या तोंडानं सांगेन. कुणी वदवून घ्यायला आलं, तर तोंड उघडणार नाही. चर्चही सोडणार नाही. त्यांना उत्तर द्यावं लागेल. तोवर मी खाली बसणार नाही.