लांडग्याच्या मनगटावरचं घड्याळ

माणसाचा लांडगा व्हायला किती वेळ लागतो, सांगा बघू? पडद्यावर बारा सेकंद. कासिल्दा अरेव्हालोच्या खुर्चीत पाच तास.

सेगोव्हिया गावात बापाच्या केशकर्तनालयात ती केसांचे टोप विणायची. १९७१ साली दिग्दर्शक लेआंद्रो तिला शोधत दारात आला. सिनेमा स्वस्तातला. धुकं म्हणजे ओल्या पेंढ्याचा धूर, किल्ल्याची भिंत पुठ्ठ्याची, आणि पौर्णिमा सलग पाच रात्री. निदान लांडगा तरी खरा दिसायला हवा होता. तो कासिल्दाने केला. याकचे केस, डिंक, एकेक पुंजका. एक थर लावायचा, कॅमेरा क्षणभर चालवायचा, पुन्हा थर. तोवर लांडगा होणाऱ्या एलादिओने, एरवी तो खाटीक, मान हलवायची नाही.

"कासिल्दा, नाक खाजतंय गं."

"लांडगे बोलत नाहीत. गप बस."

"जेवतात तरी. बटाट्याचं आमलेट भरव."

ती भरवायची.

तिचे हात डिंकाने माखलेले. वेळ दिसावी म्हणून बापाचं घड्याळ तिने एलादिओच्याच मनगटाला बांधून ठेवलं होतं. एकदा ते सोडायचं राहिलं. लांडगा घड्याळ घालूनच जंगलात धावला. फिल्म महाग, म्हणून लेआंद्रोने दृश्य पुन्हा घेतलं नाही.

सिनेमा लागला. कासिल्दा बापाला घेऊन गेली. तिच्या नावाच्या जागी आलं, ‘आर्थर पेल, लंडन’.

"हा कोण?" तिने लेआंद्रोला गाठून विचारलं.

"कुणीच नाही गं. सेन्सॉरच्या सरकारी कात्रीला आपल्या देशातला लांडगामाणूस चालत नाही. मग त्याचे केस लावणारी सेगोव्हियाची कशी चालेल? मलाही इंग्रज केलंय, बघ की. हा म्हातारा हुकूमशहा जाऊ दे, पहिलं नाव तुझं. आईची शपथ."

तिने विश्वास ठेवला. बापालाही तेच सांगितलं. तो वाट बघतच वारला.

हुकूमशहा मेला, कात्री गेली, नव्या प्रती निघाल्या. त्यांवर लेआंद्रोने स्वतःचं खरं नाव चढवलं. आर्थर पेल होता तिथेच राहिला. तिच्या तीन पत्रांना उत्तर नाही.

चाळीस वर्षांनी त्याच गावात सिनेमाचा सत्कार झाला. मंचावर लेआंद्रो, शेजारी एलादिओ. तिसऱ्या रांगेत कासिल्दा. पडद्यावर पुठ्ठ्याची भिंत हलली, लोक प्रेमाने हसले. घड्याळ चमकलं तेव्हा तर सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं.

"घड्याळ कुणाचं हो ते?" एका बाईने विचारलं.

"आर्थरचं," लेआंद्रो म्हणाला. "अवलिया माणूस. लंडनहून केस स्वतः घेऊन यायचा. वारला बिचारा."

कासिल्दा उठली. मनगट वर केलं.

"लेआंद्रो, आर्थर वारला, मग त्याचं घड्याळ माझ्या हातात कसं? एलादिओ, तू सांग. आमलेट कोण भरवायचं तुला?"

एलादिओ बुटांकडे बघत राहिला. लेआंद्रोने घड्याळ ओळखलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. तरी तो गोड हसला.

"आजी, असली घड्याळं तेव्हा अर्ध्या देशाकडे होती. बसा."

ती बसली नाही. सरळ दाराबाहेर गेली.

हा सिनेमा कधी तुमच्यासमोर आला, तर भिंत हलते तिथे खुशाल हसा. पण घड्याळ चमकलं की तिथेच थांबवा, आणि शेजारी बसलेल्याला मोठ्याने सांगा, हा लांडगा कासिल्दा अरेव्हालोने केला.