चिठ्ठ्या बदलल्या, माणसं तिथंच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड माहीत नाही.

डोंबिवलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. पॉइंटर आला की मुलांचे चेहरे पडतात, आणि खरं सांगू का — तेव्हा माझाही पडायचा. पॉइंटर म्हणजे वस्तू नाही, वस्तूचा पत्ता, एवढं वाक्य पाठ होतं. कळलेलं नव्हतं. पण फळ्यासमोर उभ्या बाईला असं म्हणता येतं का?

त्या दिवशी पॉइंटर वापरून दोन आकड्यांची अदलाबदल करणारा प्रोग्राम फळ्यावर लिहिलेला. रुपाली उठली. कल्याणजवळच्या मोहन्याहून यायची, मराठी मीडियमची, कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, ह्यात आकडे नाही बदलणार. तुम्ही पत्त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्यात, घरातली माणसं तिथंच आहेत."

ती काय म्हणतेय ते मला समजलंच नाही. आणि न समजल्याचा असा काही राग आला — म्हटलं, "आधी पॉइंटरचं स्पेलिंग नीट लिही, मग मला शिकव." वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले.

मुलं गेल्यावर प्रोग्राम चालवून पाहिला. आकडे जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त करून शिकवला, तिच्याकडे न बघता. त्यानंतर ती यायची बंद झाली.

एवढंच असतं तर विसरलेही असते, कोण जाणे. पण —

आठवड्याभरात तिचे वडील आले. चपला दाराबाहेर काढून उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. "पोरगी म्हणते, मला डोकंच नाही. मॅडम, तुम्ही सांगाल तसं करू. जमेल का तिला?"

एक 'हो' पुरलं असतं. पण मग ती परत आली असती ना — रोज समोर बसली असती, माझ्या फळ्याकडे बघत. मला ते नको होतं. मी म्हटलं, "तिचा पिंड नाही हो हा. उगाच ओढू नका." ते हात जोडून, माझे आभार मानून गेले.

पुढे एकदा कल्याणला साड्यांच्या दुकानात दिसली. गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी पायरीवरूनच मागे फिरले.

पॉइंटर मी आजही शिकवते. चिठ्ठ्या बदलल्या, माणसं तिथंच — असंच सांगते, मुलांना लगेच कळतं. विचारतात, मॅडम, तुम्हाला हे सुचतं कसं?

मी म्हणते, अनुभवानं.