तीर्थातलं पिवळं फूल

गुरुवारी दत्तमहाराजांना पिवळं फूल हवंच, आणि लंडनला, एजवेअरच्या दुकानात शेवंती मिळाली नव्हती. म्हणून आदल्या दिवशी सहलीला गेल्यावर केंटच्या किनाऱ्यावर, जिथं नुसते गोटे नि वाळवंटासारखा रखरखाट, तिथं पिवळंजर्द फूल दिसलं तेव्हा अरुणाकाकूंना वाटलं, महाराजांनीच धाडलं. दोन टपोऱ्या कळ्या देठासकट खुडून त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळल्या.

सकाळी कळ्या उमलल्या. एक महाराजांना वाहिली, दुसरी तीर्थाच्या वाटीत सोडली. पूजा आटोपल्यावर पळीभर तीर्थ आधी स्वतः घेतलं, मग नातीच्या, अन्वीच्या, तळहातावर दिलं. पोरगी खेळायला पळाली.

हात धुताना काकू थबकल्या. बोटांवरचा पिवळा डाग जाईना. हळद असेल, म्हणून घासलं. मग सहज उरलेला देठ मोडून पाहिला, तर पिवळा चीक! नागपूरकडचा पिवळा धोत्रा आठवला. त्यालाही असाच चीक, आणि त्याचं बी तेलात गेलं की माणसं सुजायची.

"स्वराली! लवकर ये गं!"

सुनेनं फोटो केंब्रिजच्या मीनलला पाठवला. ही तिची मैत्रीण वनस्पतींवर रिसर्च करते. तिचा लगेच फोन आला.

"काकू, झाडाला शेंगा होत्या? लांब, बारीक?"

"होत्या गं, चवळीसारख्या."

"पानं राखाडी, लव असलेली?"

"हो... पण आहे काय ते?"

"यलो हॉर्न्ड पॉपी. इथलंच रानफूल आहे. पण सगळं झाड विषारी असतं, काकू. वन-वन-वनला, डॉक्टरी हेल्पलाइनला फोन करा, आत्ता!"

स्वराली फोन लावत होती. काकूंच्या तोंडी नाम होतं, पण मन म्हणत होतं, महाराज, चूक माझी, लेकराला नको.

"अन्वी, तीर्थ प्यायलीस? खरं सांग."

"नाही. त्याच्यात किडा होती, छोटी. मी सगळं डोक्याला लावलं. आजी, रागवू नको ना."

काकूंनी तिचे ओले केस हुंगले, तिला छातीशी धरलं आणि तशीच बेसिनपाशी नेऊन हात, डोकं खसखसून धुतलं.

"आई," स्वरालीनं फोनवर हात ठेवला, "आणखी कोणी घेतलंय का, विचारतायत. तुम्ही?"

काकू अन्वीचं डोकं पुसत राहिल्या.

"आई!"

"पळीभर. देवाचं नाव घेऊन घेतलंय गं, काही नाही होत."

"कोट घाला. लगेच हॉस्पिटलात जा म्हणतायत. आपण तिघीही जातोय."

काकूंनी कोट चढवला. दारातून त्या परत फिरल्या, महाराजांवरचं फूल उचलून पिशवीत टाकलं.

"डॉक्टरांना दाखवायला नको का?" त्या म्हणाल्या. मग मूर्तीकडे बघत पुटपुटल्या, "आणि तुमच्याही अंगावर नको ते."