परळी ते गुजरात, व्हाया लॅक्टोमीटर

दूध संस्थेत दूध कमी आणि किस्से जास्त जमतात, हे मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर छातीठोक सांगते. दूध संध्याकाळपर्यंत नासतं, किस्सा नासत नाही. आमच्या संस्थेतले जुने लोक जमले की सगळे माझ्याच मागे लागतात, "सुमनबाई, तुमच्या रेल्वेचं सांगा." मग काय, सांगावंच लागतं!

धारूरच्या घाटाकडचं आमचं गाव. त्या दुष्काळात ज्वारी गेली, विहिरी गेल्या, उरल्या म्हशी आणि दूध. आणि नेमकं तेव्हाच वरून पत्र आलं : दूध तपासायचं ट्रेनिंग घेतलेला टेस्टर नसेल त्या संस्थेचं दूध बंद! ट्रेनिंग गुजरातेत, महिनाभर. शास्त्र घेऊन मॅट्रिक झालेलं गावात एकच माणूस होतं. मी. वय एकोणीस.

चेअरमन तात्या आमच्या आबांना विचारायला आले. माझे वडील कमी बोलायचे. त्यांनी आधी सावकाश तंबाखू मळली. मग म्हणाले, "एकटी जाऊ द्या. पर एक जरी घोटाळा झाला, तर संस्थेचं नाव काढायचं न्हाई. सोयरीक बघून मोकळा होईन."

मी रात्रभर जागी होते. आनंदाने की भीतीने, ते आजही सांगता येत नाही.

*

आमच्या तालुक्यात रेल्वे नव्हती, पण रेल्वेचे जाणकार घरटी दोन! सेक्रेटरी वसंतराव म्हणाले, "इंजनाकडं तोंड करून बसायचं न्हाई, चक्कर येती." एका काकूंनी सांगितलं, रेल्वेत कुणाला नाव सांगायचं नाही. मी विचारलं, "तुम्ही कधी बसलात?"

"मी कावून बसू? मला काय येड लागलंय?"

तात्यांनी मात्र कामाचं सांगितलं. आमच्याकडे दूध पातळ निघालं की लोक म्हशीला नाही, लॅक्टोमीटरला, म्हणजे पाणी घातलेल्या दुधात खोल बुडणाऱ्या त्या मोजनळीला, शिव्या द्यायचे. "खोटं हाय ते! बदला!" म्हणून तात्यांनी संस्थेचं ते काचेचं लॅक्टोमीटर कापसात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "तितल्या मोठ्या सायबाकडून तपासून आण. खरं-खोटं एकदाच हू द्या!"

*

परळीला सोडायला आबा आले. त्यांना प्रवास माहीत तो एसटीचा. गाडी लागल्याबरोबर त्यांनी धावत जाऊन खिडकीतून उपरणं आत टाकलं आणि जागा धरली!

डबा अख्खा रिकामा होता.

मी आत जाऊन उपरण्यावर बसले. आबा खिडकीपाशी उभे. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, दोनदा घसा खाकरला. तेवढ्यात गाडी हलली. आबांनी तोंड वळवलं आणि गार्डाच्या डब्याकडे हात करून ओरडले, "अहो मास्तर! डबल बेल दिली न्हाई अजून!"

निरोपाचं एवढंच बोलणं झालं. उपरणं माझ्याबरोबर गुजरातला गेलं. त्याला आमच्या गोठ्याचा वास होता. पहिले आठ दिवस मी ते उशाशी घेऊन झोपायचे.

*

परभणीला दुसरी गाडी धरली. तिच्यात बेसिनचा नळ गळत होता. गावात टँकरच्या दोन घागरींवर घर चालवून आलेली मी, माझ्या जिवाची नुसती तगमग! उठले, तांब्या लावला. भरला. मग फिरकीच्या झाकणाचा डबा मोकळा करून लावला. मग समोरच्या बाईंचा थर्मास मागितला.

बाई शहरातल्या होत्या. हसून म्हणाल्या, "अगं पोरी, सरकारी पाणी आहे ते. कशाला भरतेस?"

"मावशी, सरकारी हाय म्हणून तर! पुन्हा कवा येईल, काय भरवसा?"

*

मनमाडला चहा घेतला. एक घोट घेतला आणि राहवलं नाही. चहावाल्याच्या किटलीशेजारी कच्च्या दुधाचं कॅन होतं. म्हटलं, "दादा, जरा उंच ग्लासात दूध द्या." कापूस सोडला आणि लॅक्टोमीटर आत सोडलं. ते जे खाली गेलं ते गेलंच!

चहावाला दचकला. "ताई, कोणत्या खात्याच्या?"

"धारूरकडच्या दूध संस्थेची. पाणी लई घातलंय दादा तुमी."

त्याला हायसं वाटलं. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, हे मनमाड आहे. इथं पाणी दुधापेक्षा महाग! मी कुठून घालू? ज्याच्याकडं विहीर आहे, त्यानंच घालून पाठवलंय!"

*

गुजरातेत मोठ्या साहेबांनी आमचं लॅक्टोमीटर तपासलं. तंतोतंत बरोबर. मी लगेच संस्थेला कार्ड टाकलं : "आपले लॅक्टोमीटर खरे आहे."

पुढचं मला मागून कळलं. वसंतरावांनी ते कार्ड संस्थेच्या फळ्यावर लावलं. अर्ध्या गावाचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी कार्ड गायब! कुणी काढलं म्हणून वसंतरावांनी चौकशी सुरू केली. तात्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "बे वसंता, गप बस. मीच काढलं. माझंच दूध सगळ्यात पातळ हाय!"

*

येताना मात्र घोटाळा झालाच. सर्टिफिकेट पिशवीत, मन हवेत, आणि मनमाडला मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले. नाशिक आलं तेव्हा कळलं. परत फिरले, पुढच्या गाड्या चुकल्या. पोचायला पुरा एक दिवस उशीर. परभणी ते परळी मी रडत आले. तीन महिन्यांत कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

परळीला उतरले. फाटकावर तिकीट घेणाऱ्या मास्तरांनी तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या? अहो, ते म्हातारे कालपासून त्या बाकावर बसलेत. आलेल्या प्रत्येक गाडीच्या गार्डाला विचारतात. मी म्हटलं, बाबा, पोरगी हरवली का? तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, 'पोरगी कावून? आमच्या संस्थेच्या टेस्टरबाई यायच्या हायेत. मोठ्या कामावर गेलत्या.'"

तेवढ्यात आबांनी मला पाहिलं. उठून आले. माझ्या हातातली पिशवी घेतली. उशीर का झाला, ते विचारलं नाही.

"चल बिगीबिगी. सांजच्या दुधाची येळ व्हायलीय. लोकं खोळंबली असतील."