काचेवरचं कुंकू

...तर गिरण बंद पडली नव्हती, कोस्मेनं ती आपल्या हातानं बंद केली होती. काल गोष्ट इथंच सोडून तर आपण उठलो!

साल अठ्ठावन्न. मसुऱ्यात भिकाजीशेटची भातगिरण, तिच्यावर कोस्मे हा ख्रिस्ती इंजिनवाला. इंजिन नीट तापेपर्यंत हा गडी कुणाशी बोलायचा नाही. इंजिन थंड करून परत येणाऱ्या पाण्याखाली तळवा धरायचा, धुराचा रंग बघायचा, ठोके ऐकायचा आणि शेवटी तेलाच्या दाबाचा काटा. गार इंजिनाला तो कुठं असतो, तापल्यावर कुठं उतरतो, हे त्याला बायकोच्या रागलोभासारखं ठाऊक.

खंडेनवमीला शेटनी इंजिनाची पूजा केली ती इतक्या भक्तीनं, की काट्याची काच कुंकवानं लिंपून गेली. दसरा सरला, नव्या भाताची पोती दारात लागली, आणि कोस्मेनं सुरू केलेलं इंजिन लगेच बंद केलं.

शेट धावत आले. "कित्याक रे बंद केलंस? आवाज बरो आसा मां?"

"आवाज बरो आसा. धूर बरो आसा. पाणी बरा आसा. तेलाचा माका दिसना नाय."

"मगे काच पूस!"

"पूजेचा कुंकू मी पुसू? आणि इंजिन जाम झाला, तर लोक म्हणतले, किरिस्तावान देवीक दुखवल्यान. माजी नोकरी जातली."

शेटचाही हात उचलेना. भाताचं पोतं घेऊन दारात खोळंबलेली सावित्री ओरडली, "तुमच्या मानापानात माजी दिवाळी उपाशी जातली!"

अखेर शेटनी देवीचं नाव घेतलं आणि पंच्याच्या टोकानं काच पुसली. कोस्मेनं इंजिन फिरवलं. काटा जरासा हलला आणि खालीच बसला. पुन्हा बंद! आता शोधाशोध. बघतात तर काय, पूजेचा केळीचा खांब शेटनी तेलाच्या नळीलाच बांधलेला. त्याच्या भारानं जोड सैल झालेला आणि तेल मुकाट पानांखाली गळत होतं. अजून थोडं चाललं असतं तर इंजिन जाम, आणि भाग यायचे थेट कोल्हापूरहून.

कोस्मेनं जोड आवळला, तेल घातलं. काटा उठून आपल्या जागी जाऊन बसला. शेटनी सावित्रीचं पोतं तेवढं पहिलं घेतलं.

पुढल्या खंडेनवमीला मात्र कुंकवाचं बोट इंजिनासमोर धरून शेट थबकले. "कोस्मे, औंदा खंय लावू रे?"

कोस्मे म्हणाला, "माज्या कपाळार लावा, शेट. पण त्या काचेक हात लावू नकात."